पनामाची 'जिद्द'

पनामा कालव्याचा तो मेसेज आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात परत एकदा फिरून आला. तुम्हालाही आला असेलच. फ्रेंचांनी अर्ध्यात हार मानली, अमेरिकनांनी जिद्द सोडली नाही, आणि शेवटी डोंगर नमला... तात्पर्य काय, तर कधीही माघार घेऊ नका. खाली उगवता सूर्य आणि 'शुभ सकाळ'. हीच गोष्ट मी एका ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये सूटबूटवाल्या वक्त्याकडूनही ऐकली आहे, तेव्हा तर टाळ्यासुद्धा पडल्या होत्या.

ग्रुपवर ज्येष्ठांशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तिथे हात जोडलेला स्मायली टाकून मोकळं व्हावं. ब्लॉग मात्र आपल्या हक्काचा, म्हणून इथे लिहितोय. (काका, तुम्ही वाचणार हे माहीत आहे. राग तुमच्यावर नाही, त्या गोष्टीवर आहे.)

कारण ती गोष्ट नुसती अपुरी नाही, चक्क उलटी आहे. फ्रेंच कंपनी बुडाली ती कुणी माघार घेतली म्हणून नाही. एका माणसाने आठ वर्षं माघार घ्यायचं नाकारलं म्हणून बुडाली. आणि अमेरिकनांचा कालवा झाला तो जिद्दीमुळे नाही, तर त्यांनी काम थांबवलं, आराखडा बदलला आणि मग परत सुरू केलं म्हणून. आमच्या धंद्यात (मी मातीकामातला माणूस, भराव, कटिंग, दरडी हेच आयुष्य) या दोन गोष्टींतला फरक माणसांच्या जिवाने मोजला जातो. म्हणून चिडचिड होते.

सुरुवात सुएझपासून करायला हवी. फर्डिनांड द लेसेप्स हा मुत्सद्दी होता, इंजिनिअर नव्हे. १८५९ मध्ये त्याने सुएझचं खोदकाम सुरू केलं आणि नोव्हेंबर १८६९ मध्ये कालवा उघडला. केप ऑफ गुड होपचा वळसा वाचला, आपल्या मुंबईचं तर नशीबच पालटलं. या प्रकरणात तज्ज्ञ मंडळी खरोखरच चुकली होती. नेपोलियनच्या काळातल्या मोजणीत तांबडा समुद्र भूमध्य समुद्रापेक्षा जवळपास दहा मीटर उंच निघाला होता. ती चूक १८४७ मध्ये सुधारली गेली. त्यानंतरही रॉबर्ट स्टीफन्सनसारखा ब्रिटनचा नावाजलेला इंजिनिअर पार्लमेंटात सुएझच्या विरोधात बोलत राहिला. लेसेप्सने या सगळ्यांना खोटं पाडलं. आता मला सांगा, अशा माणसाने त्यातून काय धडा घेतला असेल? तज्ज्ञ लोक नेहमी नाहीच म्हणतात, आपण ऐकायचं नाही. एवढाच.

सुएझच्या वाटेत मोठा डोंगर नाही, मोठी नदी नाही, पाऊस जवळजवळ नाही. दोन्ही समुद्र जवळपास एका पातळीत, त्यामुळे एकही लॉक लागला नाही. शिवाय पहिली काही वर्षं इजिप्तच्या सरकारने महिन्याला सुमारे वीस हजार शेतकरी वेठीवर पुरवले. १८६४ च्या सुमारास ती वेठबिगार बंद झाली तेव्हा वाफेवरचे ड्रेजर आले. म्हणजे सुएझमध्ये सुद्धा आराखडा हट्टाने चालला नाहीच, मध्येच पद्धत बदलावी लागली. पण हे मेसेजमध्ये कोण लिहिणार!

मे १८७९. पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरली, विषय मध्य अमेरिकेतून कालवा. लेसेप्सचं आधीच ठरलेलं होतं : पनामा, आणि सुएझसारखाच समुद्रसपाटीवरचा, लॉकशिवाय. तिथे आदोल्फ गोदँ द लेपिने नावाचा एक फ्रेंच इंजिनिअर उठला. या माणसाने मेक्सिकोत रेल्वेचं काम केलेलं, उष्ण प्रदेशातला पाऊस आणि ताप दोन्ही बघितलेले. त्याचं म्हणणं साधं होतं. चाग्रेस नदीशी भांडू नका. समुद्राजवळ तिच्यावर धरण बांधा, मधल्या दरीत सुमारे ऐंशी फूट उंचीवर एक मोठं तळं होऊ द्या. जहाजांना पाण्याच्या पायर्‍यांनी तळ्यात चढवा, तळ्यातून न्या, पलीकडे उतरवा. डोंगर कापायचा तो फक्त तळ्याच्या पातळीच्या थोडा खाली येईपर्यंत.

परिषदेने ते ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं. समुद्रसपाटीच्या बाजूने ७४ मतं, विरोधात ८. बरेच जण गैरहजर किंवा तटस्थ. बाजूने मत देणार्‍यांमध्ये इंजिनिअर थोडेच होते. गोदँ द लेपिनेने विरोधात मत दिलं.

पस्तीस वर्षांनी जो कालवा प्रत्यक्ष उघडला, तो थोड्याफार फरकाने त्याचाच आहे. गातूनचं धरण, समुद्रसपाटीपासून २६ मीटरवरचं तळं, एका बाजूला तीन पायर्‍या, दुसर्‍या बाजूला एक आणि दोन. तो उघडला तेव्हा गोदँ द लेपिने हयात नव्हता. त्याचं नाव त्या मेसेजमध्ये नाही, वक्त्याच्या स्लाइडवरही नव्हतं. जो माणूस बरोबर होता तो गोष्टीत नाहीच, कारण तो 'होय, करूया' म्हणाला नाही, 'असं करू नका, तसं करा' म्हणाला. असल्या माणसावर कुणी टाळ्या वाजवत नाही.

आता मातीचं थोडं सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. कालव्याच्या वाटेवर कुलेब्राचा डोंगर आहे. कालवा उघडला तेव्हा तिथे त्याचा तळ समुद्रसपाटीच्या साधारण १२ मीटर वर होता. समुद्रसपाटीचा कालवा करायचा तर तळ समुद्राच्या पातळीखाली आठ-नऊ मीटर न्यावा लागला असता. म्हणजे डोंगर अजून वीसेक मीटर खोल कापायचा. ऐकायला हे फार वाटत नाही. पण कटिंग म्हणजे केकचा तुकडा नव्हे, की सुरी अजून थोडी खाली दाबली. खोल जाल तसा वरचा उतार मागे न्यावा लागतो, दोन्ही बाजूंनी, पार माथ्यापर्यंत. आणि कुलेब्राची माती म्हणजे वर चिकणमाती, खाली ठिसूळ थर, त्यात धो धो पाऊस. पाणी मुरलं की अख्खा उतार घसरून खाली. लेसेप्सच्या माणसांनी खणावं आणि पावसाने भरावं, असं वर्षानुवर्षं चाललं. पुढे अमेरिकनांना तर कमी खोलीवरसुद्धा हा त्रास झाला. काठांच्या वजनाने कालव्याचा तळच फुगून वर यायचा! शेवटी कुलेब्राच्या दोन काठांमधलं अंतर माथ्यावर अर्ध्या किलोमीटरच्या वर गेलं. आणि उद्घाटनानंतरही सप्टेंबर १९१५ मध्ये एवढी मोठी दरड आली की कालवा एप्रिल १९१६ पर्यंत बंद होता. हे सगळं तळ १२ मीटर वर ठेवून. वीस मीटर अजून खाली गेले असते तर काय झालं असतं याचा विचार मातीकामवाल्यानेच करावा.

दुसरी अडचण चाग्रेसची. ही नदी कालव्याच्या नियोजित वाटेला पुन्हा पुन्हा छेदून जाते, आणि पुरात तासांच्या हिशेबात कित्येक मीटर चढते. समुद्रसपाटीच्या कालव्यात ही नदी वरून धबधब्यासारखी कोसळणार. तिला अडवायचं कुठे, वळवायचं कसं, याचं धड उत्तर फ्रेंच कंपनीकडे कधीच नव्हतं. गंमत बघा (गंमत कसली म्हणा), जी नदी एका आराखड्यात सगळ्यात मोठा शत्रू, तीच दुसर्‍या आराखड्यात सगळं काम करते. आज पनामातून जाणारं प्रत्येक जहाज चाग्रेसच्या पाण्यावर तरंगत जातं.

लेसेप्स स्वतः पनामा बघायला गेला तो डिसेंबर १८७९ च्या अखेरीस. म्हणजे कोरड्या हंगामात. निरभ्र आकाश, वाजंत्री, मेजवान्या. खुशीत परत आला आणि शेअर विकायला निघाला. मे ते नोव्हेंबरमध्ये तिथे काय होतं ते बघायची गरज त्याला वाटली नाही. आपल्याकडे कोकणात रस्त्याची पाहणी जानेवारीत करून जून-जुलैचं कंत्राट देणार्‍यांची आठवण येते की नाही?

रोगाबद्दल मात्र फ्रेंचांना झोडपणं अन्यायाचं होईल. पिवळा ताप आणि मलेरिया डासांमुळे पसरतात हे तेव्हा सर्वमान्य नव्हतं. हवानाच्या कार्लोस फिनलेने १८८१ मध्येच पिवळ्या तापाबाबत डासावर बोट ठेवलं होतं, पण त्याला वेड्यात काढलं गेलं. (पुन्हा तेच. बरोबर असलेला माणूस कोपर्‍यात.) अँकोनला फ्रेंचांनी उत्तम हॉस्पिटल बांधलं, मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले, बागेतल्या झाडांभोवतीही पाणी. डासांना हेच हवं होतं. ज्यूल डिंगलर हा मुख्य अधिकारी सहकुटुंब तिथे गेला. १८८४ च्या सुरुवातीला मुलगी गेली, मग मुलगा, मग होणारा जावई, आणि वर्षअखेरीच्या सुमारास बायको. तो एकटा परतला.

कारण माहीत नव्हतं हे मान्य. पण माणसं मरताहेत हे तर माहीत होतं ना? पॅरिसमध्ये बातम्या दाबल्या जात होत्या, वर्तमानपत्रांना पैसे चारले जात होते, आणि कालवा ठरल्या वेळी होणारच असं लेसेप्स भाषणांत सांगत होता. फ्रान्सहून तरुण इंजिनिअर येत राहिले, कॅरिबियन बेटांवरून मजुरांची जहाजं येत राहिली. १८८७ मध्ये त्या मजुरांत काही दिवस पॉल गोगँही होता, तोच चित्रकार, खिशात पैसे नव्हते म्हणून. लवकरच तो मार्टिनिकला निघून गेला. त्याने माघार घेतली म्हणून जगाला चित्रं मिळाली, असं एखाद्या मेसेजमध्ये लिहायला हरकत नाही :)

त्याच १८८७ मध्ये अखेर लेसेप्स लॉकला तयार झाला. आठ वर्षांनी! गुस्ताव्ह आयफेलला लॉकचं कंत्राट दिलं. पण तिजोरीत खडखडाट झाला होता. १८८९ च्या सुरुवातीला कंपनी दिवाळखोरीत गेली. सुमारे आठ लाख फ्रेंच लोकांचे पैसे बुडाले, त्यांत बहुतेक लहान लहान बचत करणारे. ज्यांनी सुएझच्या नायकावर विश्वास टाकला ते. फ्रेंच काळातल्या मृत्यूंचा अंदाज बावीस हजारांच्या आसपास धरला जातो. अंदाजच, कारण कंपनीच्या हॉस्पिटलबाहेर मेलेल्या मजुराची नोंद ठेवायची कुणाला पडली होती? १८९३ मध्ये लेसेप्स पिता-पुत्रांना आणि आयफेललाही शिक्षा झाली, नंतर ती रद्द झाली. म्हातारा १८९४ मध्ये वारला.

तर याला 'हार मानली' म्हणतात. हार आठ वर्षं आधी मानली असती तर?

अमेरिकनांची सुरुवात तर अगदी तशीच झाली होती, हे मेसेजवाले सांगत नाहीत. १९०३ मध्ये रूझवेल्टच्या आशीर्वादाने पनामा कोलंबियापासून फुटला, हा राजकारणाचा भाग सोडून देतो, तो वेगळ्या लेखाचा विषय. फ्रेंचांची मालमत्ता चार कोटी डॉलरला विकत घेऊन १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि वॉशिंग्टनहून एकच घोषा : खणा, लवकर खणा. पहिला मुख्य इंजिनिअर वॉलेस वर्षभरात राजीनामा देऊन गेला. १९०५ मध्ये पिवळ्या तापाची साथ आली आणि माणसं मिळेल त्या बोटीने पळाली.

जुलै १९०५ मध्ये जॉन स्टीव्हन्स आला. रेल्वेवाला माणूस. त्याने काय केलं? खोदकाम थांबवलं. सगळं जग बघत असताना, घाईला आलेला राष्ट्राध्यक्ष डोक्यावर बसलेला असताना. आधी डास, आधी गटारं, आधी राहायला घरं, आधी रेल्वेचे नवे रूळ. त्याला कळलं होतं की कुलेब्रा हा खोदण्याचा प्रश्न नाहीच, माती वाहून नेण्याचा आहे. फावडं कितीही मोठं आणा, भरलेली वाघीण वेळेवर हलली नाही तर फावडं उभंच राहणार.

विल्यम गॉर्गस हा डॉक्टर त्याच्या आधीपासून तिथे होता, पण वरिष्ठ त्याच्या डासांच्या 'खुळा'वर हसत होते, त्याला सामान मिळत नव्हतं. स्टीव्हन्सने त्याला हवं ते दिलं. घराघराला धुरी, पाण्याच्या पिंपांना झाकणं, डबक्यांवर तेल, पनामा शहरात नळाचं पाणी. नोव्हेंबर १९०५ नंतर पनामा शहरात पिवळ्या तापाचा रुग्ण दिसला नाही. या कामामागे आपल्याकडचाही एक धागा आहे. मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात पहिल्यांदा दिसले ते सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉसला. हाच रॉस १९०४ मध्ये पनामाला जाऊन गॉर्गसचं काम बघून आला होता.

आणि आराखडा? रूझवेल्टने नेमलेल्या सल्लागार मंडळाने बहुमताने पुन्हा समुद्रसपाटीचाच कालवा सुचवला! आठ विरुद्ध पाच. स्टीव्हन्स स्वतःसुद्धा त्याच मताचा होऊन आला होता. मग त्याने पावसाळ्यातली चाग्रेस बघितली आणि मत बदललं. जाहीरपणे बदललं, वॉशिंग्टनला जाऊन त्यासाठी भांडला. जून १९०६ मध्ये सिनेटने लॉकचा आराखडा मंजूर केला : ३६ विरुद्ध ३१. तीन मतं इकडची तिकडे झाली असती तर पनामा दुसर्‍यांदा बुडाला असता. यात जिद्द कुठे दिसते तुम्हाला? मला तरी एक माणूस डोळ्यांनी बघून 'नाही, हे चुकतंय' म्हणताना दिसतो.

१९०७ मध्ये स्टीव्हन्सने नोकरी सोडली. पुढचं काम लष्करातल्या गोथल्सने तडीस नेलं, १५ ऑगस्ट १९१४ रोजी 'अँकोन' बोट पार गेली, आणि जय झाला गोथल्सचा. असो.

'मग काय, अडचण आली की सोडून द्यायचं का?' ही कॉमेंट येणार हे माहीत आहे, म्हणून आधीच उत्तर देतो. नाही. काम धरून ठेवणं वेगळं आणि आपलं म्हणणं धरून ठेवणं वेगळं. लेसेप्स नसता तर पनामाला हातच लागला नसता असं कुणी म्हणेल, तेही थोडं खरं आहे. फ्रेंचांच्या खोदकामाचा काही भाग, त्यांचे नकाशे, त्यांची हॉस्पिटलं अमेरिकनांना उपयोगी पडली. पण या कारणाने बावीस हजार मृत्यू 'गुंतवणूक' म्हणून खतावणीत टाकायचे असतील, तर मला त्या हिशेबात ओढू नका.

आणि माझा खरा राग तर पुढेच आहे. जिद्द ज्याची असते तो मरत नाही. अमेरिकन काळातही हेच झालं. एकट्या बार्बाडोसमधून सुमारे वीस हजार पुरुष कंत्राटावर आणले गेले, तासाला दहा सेंट मजुरीवर. पगाराचे दोन हजेरीपट होते, गोल्ड रोल आणि सिल्व्हर रोल. गोरे अमेरिकन सोन्यावर, काळे मजूर चांदीवर. आणि हे नुसतं पगारापुरतं नव्हतं. दुकानं, शाळा, पोस्टाच्या खिडक्या, सगळं सोन्या-चांदीत वाटलेलं. पिवळा ताप थांबला खरा, पण बराकींत दाटीवाटीने राहणार्‍या, ओल्या कपड्यांत झोपणार्‍या माणसांना न्यूमोनिया मारतच राहिला. सुरुंग वेळेआधी उडत. १२ डिसेंबर १९०८ रोजी बास ओबिस्पोला एकाच स्फोटात २३ जण गेले. अमेरिकन काळातल्या मृत्यूंचा अधिकृत आकडा ५,६०९ आहे, आणि त्यांतले बहुतेक कॅरिबियनमधून आलेले काळे मजूर होते.

यांना कुणी विचारलं नव्हतं, समुद्रसपाटी हवी की लॉक. पॅरिसच्या परिषदेत त्यांचं मत नव्हतं, सिनेटमध्ये नव्हतं. चुकीच्या आराखड्यासाठीही तेच मेले आणि बरोबर आराखड्यासाठीही तेच, फक्त बरोबर आराखड्यात कमी मेले. 'कमी' हा शब्द लिहायला हात जड होतो, पण आमच्या कामात इंजिनिअरच्या हातात एवढंच असतं. म्हणून आराखड्यावरचा वाद हा कागदावरचा वाद नसतो, आणि 'नकारात्मक बोलू नका' असं मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

१९६३ मध्ये, कालव्याच्या पन्नाशीच्या निमित्ताने, पनामातल्या एका इतिहास मंडळाने हयात असलेल्या कॅरिबियन मजुरांकडून आठवणी मागवल्या. स्पर्धाच ठेवली होती, बक्षिसं वगैरे. शंभरच्या वर पत्रं आली. तेव्हा ती माणसं सत्तरी-पंचाहत्तरीची झालेली. ती पत्रं इंटरनेटवर वाचायला मिळतात, इंग्रजी मोडकं-तोडकं, पण समजतं. पावसात भिजलेले कपडे वाळतच नसत आणि सकाळी तेच ओले अंगात चढवावे लागत, क्विनीन, सुरुंग, दरडीखाली गेलेला सोबती, रात्री परत न आलेला खोलीतला जोडीदार, असं सगळं त्यांत आहे. कुणाला त्या कालव्याचा अभिमानही वाटतो, तोही आहे. काका, मेसेजच्या जागी तुम्ही ती वाचावीत अशी विनंती. लिंक हवी असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, पाठवतो.